अर्धी फटफटी

आमच्या घरी अर्धी फटफटी होती. उरलेली अर्धी भिंतीपलीकडे, मोठेबाबांच्या घरी. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे सख्खे थोरले भाऊ. शाळेत हे सांगितलं की पोरं हसायची, आणि मला कळायचं नाही की यात हसण्यासारखं काय आहे. कोणाच्या घरी दोन म्हशी असतात, कोणाच्या घरी एकही नसते, तशी आमच्याकडे अर्धी फटफटी. आमच्या वाट्याला सांगाडा, दोन चाकं, हँडल, पेट्रोलची टाकी, सीट आणि मागच्या चाकाला साडीगार्ड. त्यांच्या वाट्याला इंजिन आणि त्याला चिकटलेलं सगळं. गाडीला सिलिंडर एक असलं तरी सायलेन्सर दोन होते, त्यामुळे ते एकेक वाटून घेता आले. फटफटीच्या वाटणीत तेवढंच एक काम तंट्याविना झालं म्हणतात. पेट्रोलची नळी मधोमध कापली होती. आमच्या वाट्याचा वीतभर तुकडा टाकीखाली लोंबायचा आणि लहानपणी मी त्यातून पाणी ओढून मांजरावर उडवायचो. गाडीचं नाव मी इथं लिहीत नाही. अलीकडे तिचे भक्त फार झाले आहेत. नाव कळलं की लांबलांबून फोन करतात, आणि ती आम्ही अकरा वर्षं दोन घरांत दोन तुकडे करून ठेवली होती म्हटल्यावर घरातलं कोणी गेल्यासारखे हळहळतात.

वाटणी का झाली ते मी सांगत नाही, कारण मला माहीत नाही. चौघांना विचारलं तर पाच कारणं मिळतात. कशी झाली ते मात्र सगळ्या अमडापूरला पाठ आहे. आमच्याकडे रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. त्यामुळे वाटे पाडणारा मुकाट सरळ वागतो. वावर, बैल, भांडीकुंडी, गोठ्यावरचा कडबा, सगळं या रीतीनं दुपारपर्यंत सुरळीत पार पडलं. पंच म्हणून दगडूनाना बसले होते. मग आली फटफटी. ती दोघा भावांनी मिळून घेतलेली, मिळून चालवलेली. एकानं हँडल धरायचं आणि दुसऱ्यानं मागं बसून खड्डे सांगायचे. आता तिचे वाटे कसे पाडणार? नाना म्हणाले, एकानं फटफटी घ्या, दुसऱ्यानं म्हैस घ्या. बाबांना म्हैस नको होती, आणि मोठेबाबांना फटफटीची म्हशीशी केलेली बरोबरीच आवडली नाही. ते तरातरा उठले, पाने आणले आणि सगळ्यांच्या देखत इंजिन खाली उतरवलं. इकडे इंजिन, तिकडे बाकीचं. म्हणाले, हे दोन वाटे, उचल. त्यांना वाटलं होतं की धाकटा कचरेल आणि म्हणेल, दादा, राहू द्या, जोडा परत, तुम्हीच ठेवा. बाबांनी इंजिनाकडे पाहिलं, सांगाड्याकडे पाहिलं आणि सांगाडा ओढून घेतला. नानांनी कारण विचारलं तर म्हणाले, याच्यावर बसता तरी येतं. उचललेला वाटा परत ठेवता येत नाही, हीही रीतच. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

अंगणाच्या मधोमध छातीइतकी विटांची भिंत उभी राहिली. बायकांची वाटणी मात्र कोणी केली नव्हती. माझी माय आणि मोठीमाय, म्हणजे मोठेबाबांची बायको, या दोघी त्या भिंतीवरून वाट्या देत-घेत राहिल्या. पातोडीचा, म्हणजे डाळीच्या पिठाच्या वड्यांचा, रस्सा मोठीमायचाच व्हावा. माझ्या मायच्या पातोड्या रस्श्यात विरघळायच्या आणि ती त्याला पिठलं म्हणून मोकळी व्हायची. उलट वांग्याचं भरीत मायचं. वाटी भिंतीवर ठेवायची आणि चमच्यानं दोनदा वाजवायचं, की पलीकडून हात यायचा. दोन्ही पुरुष आपापल्या पाटावर बसून तो टणटण आवाज ऐकायचे आणि ऐकला नाही असं दाखवायचे. बाबा ताटातली पातोडी बोटानं उचलून पाहायचे, तिच्या कडा न मोडलेल्या बघून सगळं ओळखायचे, आणि मायला म्हणायचे की आज तुला बरी जमली.

दर शनिवारी सकाळी मोठेबाबा पोत्यात गुंडाळलेलं इंजिन बाहेर काढत. जाम होऊ नये म्हणून त्याची किक हातानं दाबत. फस्स, असा एक दमेकऱ्यासारखा आवाज भिंतीवरून यायचा. तो आला की बाबा ओसरीत स्टँडवर उभ्या सांगाड्याजवळ जाऊन मागचं चाक फिरवायचे. चाक कुईकुई करायचं. पलीकडे फस्स, इकडे कुईकुई. दसऱ्याला दोन्ही घरी फटफटीची पूजा व्हायची, त्यांच्या इंजिनाला हार, आमच्या हँडलला हार. आज मला साठी लागली आहे, गॅरेज चालवून हात काळे झाले आहेत, पण दोन मोठी माणसं एवढ्या नेमानं एखादी गोष्ट करताना मी पुन्हा पाहिलेली नाहीत.

मी एकोणीस वर्षांचा होतो आणि बारावीत दुसऱ्यांदा नापास झालो होतो. घरात मला पालथा घडा म्हणत. मी बसस्टँडजवळ रशीदचाचांच्या लेथवर जाऊन बसायचो. चाचा पंपांचे शाफ्ट घासायचे, बैलगाडीचे आस सरळ करायचे आणि येईल त्याची फटफटी दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेली गाडी चालवून बघायचं काम माझं. वजन माझं एवढं कमी की उताराला वारा लागला तर भीती वाटावी. त्या वर्षी शिवारात खुरकत आली. गुरांच्या तोंडाला, खुरांना फोड. दरवर्षी होणारा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रद्द करणं भाग पडलं. पण पटाच्या कमिटीनं धावपट्टी नांगरून सपाट केली होती, भोंगे ठरवले होते, जिलेबीवाले चार गावांहून निघाले होते. दगडूनाना कमिटीत होतेच. त्यांनी तोड काढली: बैल नाहीत तर फटफट्या पळवू. पण नव्या नाहीत, नाहीतर बापानं हुंड्यात घेतलेली गाडी आणून कोणीही जिंकेल. पटात जसे कोवळे गोऱ्हे वेगळे काढतात तशी पंधरा वर्षांच्या आतली गाडी बाहेर. जुन्याच गाड्या, हव्या तशा घासा-कापा, पण इंजिन आणि सांगाडा एकाच गाडीचे पाहिजेत. हा शेवटचा नियम नानांनी आमच्याकडे पाहून केला होता की काय, हे त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही.

मी बाबांकडे हट्ट धरला. बाबा म्हणाले, माझी ना नाही, इंजिन आण. मी मोठेबाबांकडे गेलो. त्यांना दोन मुली, दोघी नांदत्या. मला ते मुलासारखं वागवायचे, फक्त माझ्या बापाचं नाव काढायचं नाही एवढंच. तेही म्हणाले, माझी ना नाही, सांगाडा इकडे आण. आता आमचा सांगाडा भिंत ओलांडणार नव्हता आणि त्यांचंही इंजिन ओलांडणार नव्हतं. शेवटी नानांनी दोघांना आपल्या ओट्यावर बसवलं. दोघं हातभर अंतरावर बसले आणि नानांमार्फत बोलू लागले. त्याले म्हना, इंजिन जाईन ते रशीदच्या दुकानात जाईन, याच्या घरी नाही. त्याले म्हना, माझाही सांगाडा तिथंच जाईन. नाना मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत होते. मग मोठेबाबांनी अट घातली. "त्याले म्हना, पटात गाडी कोनाच्या वाट्यामुळं थांबली ते पाहू. इंजिन दगा देईन तं मी इंजिन त्याले देऊन टाकतो. सांगाडा मोडला तं सांगाडा माह्या घरी." बाबा नानांकडेच पाहत म्हणाले, "त्याले म्हना, कबूल."

मला आनंद झाला. माय मात्र भाकरी थापता थापता थांबली. तिनं मला जवळ बसवलं आणि समजावून सांगितलं, कारण मी पालथा घडा होतो. हरलेला भाऊ आपला वाटा उचलून दुसऱ्याच्या दारात टाकणार, सगळ्या गावादेखत. त्यानंतर तो कधी या बाजूला तोंड करणार नाही, आणि आपल्या बायकोलाही करू देणार नाही. "आता निदान वाटी तरी जाऊन राह्यली भितीवरून. मंग तेही बंद. तू हरला तं चालन रे, पन कोनाचंच अर्धं मोडू नको." मी म्हटलं, मी जिंकणारच आहे. जिंकलो तर कोणाचंच मोडणार नाही. एकोणिसाव्या वर्षी माणसाला हे फार सोपं वाटतं.

रशीदचाचांनी दोन्ही अर्ध्या भागांना पहिल्यांदा शेजारी ठेवलं आणि पहिलं काम म्हणून एका वाटीत गेरू कालवला, एका वाटीत चुना. मोठेबाबांच्या प्रत्येक भागाला गेरूचा ठिपका, बाबांच्या प्रत्येक भागाला चुन्याचा. मग पुढं कोणी म्हणायला नको की माझा नट त्याच्याकडे गेला. इंजिन सांगाड्याला जोडणारे चार बोल्ट होते. त्यावर अर्धा दिवस गेला, कारण बोल्ट दोघांतूनही जातो. चाचांनी दोन गेरूचे केले, दोन चुन्याचे. हवेच्या फिल्टरचा डबा सांगाड्याला, तोंड कार्ब्युरेटरला; त्याला दोन्ही ठिपके. बाबा सकाळी यायचे, मोठेबाबा दुपार कलल्यावर. दोघंही आपापला रंग मोजून जायचे.

पळवायची गाडी करायची म्हणजे हलकी करायची आणि इंजिनाला दम द्यायचा. पण कशालाच हात लावू देईनात. दिवा काढू म्हटलं की बाबा म्हणत, इंजिनाचं वजन कमी करा, तेच धटिंगण आहे. इंजिनाचं हेड लेथवर थोडं घासलं की आतला दाब वाढतो आणि गाडी जोरात जाते. पण मोठेबाबा म्हणत, अकरा वर्षं मी त्याला वारा लागू दिला नाही आणि तुम्ही कानशी लावता? आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी चाचांनी चहा मागवला आणि मोठेबाबांना अगदी सहज म्हणाले, "बडे, छोट्यानं आज दिवा काढून देला. म्हने, गाडीसाठी काहीही. तुमच्याकडून अजून काही आलं नाही, पन ठीक हाये, इंजिन तुमचं हाये." बाबांनी काहीच काढून दिलं नव्हतं. मोठेबाबांनी चहा अर्धा सोडला आणि म्हणाले, घासा हेड. किती? अर्धा सूत, चाचा म्हणाले. एक सूत घासा, मोठेबाबा म्हणाले. चाचांनी हेड घासायला हवं होतं तेवढंच घासलं. दुसऱ्या सकाळी बाबांना सांगितलं, बड्यांनी हेड घासायला दिलं, एक सूत म्हणाले. बाबांनी दिवा, मडगार्ड, हॉर्न, मागचा स्टँड, पाय ठेवायच्या पाट्या, सगळं एका दमात काढून ठेवलं. मग मोठेबाबांनी कानशीनं पोर्ट, म्हणजे इंजिनातले हवा-धुराचे मार्ग, मोठे करू दिले. मग बाबांनी सीट कापू दिलं. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो मी त्या पंधरवड्यात डोळ्यांनी पाहिला. फटफटी रोज हलकी होत होती आणि रोज चिडकी होत होती.

फक्त साडीगार्डापाशी बाबा अडले. माय लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून आली ती त्याच फटफटीवर, एका बाजूला पाय सोडून, पदर त्या जाळीत अडकू नये म्हणून धरून. हे बाबांनी कोणाला सांगितलं नव्हतं. साडीगार्ड लोखंडाचं चांगलं आहे, एवढंच म्हणत राहिले. शेवटी मायच दुकानात आली. सगळ्या मिस्तऱ्यांसमोर म्हणाली, काढा ते, अकरा वर्षं झाली, त्यावर कोणी बसलं आहे काय. बाबा लाजले. मी तेव्हा वडिलांना लाजताना पहिल्यांदा पाहिलं आणि मलाच कुठं पाहावं कळेना. ते साडीगार्ड नंतर दोडक्याच्या वेलाला लावलं आणि वेल चांगला चढला.

तेल हा आणखी एक प्रकार. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, आणि शर्यतीला एरंडेल उत्तम, असं चाचांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं. एरंडेल दोन्ही घरांत होतं, पोरांच्या आणि बैलांच्या पोटासाठी. मायनं एक बाटली दिली, मोठीमायनं एक. पहिल्यांदा गाडी सुरू झाली तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. निळसर धूर बसस्टँडभर पसरला, आणि ज्यांना ज्यांना लहानपणी एरंडेल पाजलं होतं त्या सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. मी त्या वासात गाडी घेऊन घराच्या गल्लीतून गेलो. मोठीमायनं मला पुढं सांगितलं की मोठेबाबांनी रेडिओ बंद केला. मायनं सांगितलं की बाबांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. भिंतीच्या दोन बाजूंना दोघं आवाज लांब जाईपर्यंत नुसते बसून होते. अकरा वर्षांनी ती गाडी वाजली होती, आणि कोणाचीच नसल्यासारखी वाजली होती, असं मोठीमाय म्हणायची.

आता चेनचं सांगितलं पाहिजे. वाटणीच्या दिवशी इंजिन काढताना चेन उघडली आणि जमिनीवर पडली, ती ना इंजिनाच्या वाट्यात धरली गेली ना सांगाड्याच्या. नानांनी ती उचलून नेली आणि तिनं कुत्रं बांधलं. कुत्रं मेलं, चेन गंजली. त्यामुळे चाचांच्या भंगारातून मी एक जुनी चेन निवडली, रॉकेलमध्ये तीन दिवस भिजवली, एकेक कडी घासली. तिला गेरू लावायचा की चुना, असं चाचांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, काहीच नको, ही माझी. चेनची दोन टोकं जोडायला एक छोटं लॉक असतं, माशाच्या आकाराचं. त्याचं उघडं तोंड चेन ज्या दिशेनं जाते तिच्या उलट ठेवायचं, नाहीतर कशालाही घासून ते निसटतं. चाचांनी मला एकच वाक्य शिकवलं होतं: लॉकचं तोंड मागं, याद रख.

पटाच्या दिवशी सात गाड्या आल्या. पोलीस लिलावातल्या, कुठल्या साहेबाच्या गोठ्यातल्या, एकीला तर कोंबडीच्या पिसांसकट आणलं होतं. लोक मात्र बैलांच्या पटाएवढेच. भोंग्यावर दगडूनाना होते आणि सवयीनं ते गाड्यांची वर्णनं बैलांसारखीच करत होते, ही जोडी तापट आहे, हिच्या मागं उभं राहू नका. मोठीमायनं इंजिनाला कुंकू लावलं, मायनं हँडलला. बाबा धावपट्टीच्या डाव्या कडेला उभे होते, मोठेबाबा उजव्या. मधून दोन-दोन गाड्या सोडायच्या आणि जी आधी पोचेल ती पुढच्या फेरीत. पहिली फेरी मी सहज मारली. दुसऱ्या फेरीत माझ्यासमोरची गाडी निघालीच नाही. चाचा म्हणाले, अंतिमला खामगावच्या ठेकेदाराच्या पोराची गाडी आहे, तिचा शेवटचा वेग जास्त आहे, आपण पुढचं स्प्रॉकेट, चेन ओढणारं दातेरी चाक, बदलू, एका दातानं मोठं टाकू. नाना भोंग्यावर घाई करत होते. चाचांनी स्प्रॉकेट बदललं, मला म्हणाले चेन जोड, आणि स्वतः कार्ब्युरेटरकडे वळले. मी मातीत पालथा पडलो, चेनची टोकं खालच्या बाजूला ओढली, लॉक बसवलं, तोंड मागं. मला बरोबर आठवतं, मी मनात म्हटलंही, तोंड मागं.

चेन वरून पुढं जाते आणि खालून मागं येते. खालच्या बाजूला तोंड मागं ठेवलं म्हणजे ते उलटं झालं. हे मी आज शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो, आणि सांगताना कान तापतात.

नानांनी लाल फेटा खाली टाकला. आम्ही दोघे सुटलो. अर्ध्या पट्टीपर्यंत ठेकेदाराचा पोरगा माझ्या ढोपराला ढोपर लावून होता, मग मी तिसऱ्यात टाकलं आणि तो मागं राहू लागला. माझ्या पुढं कोणी नव्हतं. शेवटची दोरी दिसत होती, तिच्या पलीकडे जिलेबीचा धूर दिसत होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुठंतरी पास होत होतो. तेवढ्यात फटकन काहीतरी उडालं. इंजिन एकदम किंचाळलं, गाडी वळवळली आणि मंद होत होत दोरीच्या वीस पावलं अलीकडे थांबली. ठेकेदाराचा पोरगा बाजूनं गेला. एरंडेलाचा धूर अंगावर आला आणि लोक ओरडायचे थांबले. सगळ्या गावाला अट माहीत होती. इंजिन किंचाळलं ते सगळ्यांनी ऐकलं होतं, सांगाडा वळवळला तोही सगळ्यांनी पाहिला होता.

डावीकडून बाबा धावत आले, उजवीकडून मोठेबाबा. मी गाडीवरून उतरलो आणि बाजूला मातीत बसलो. मोठेबाबांनी आल्या आल्या इंजिनावर हात ठेवला आणि चटका बसून झटकला. मग धोतराचा सोगा धरून किक दाबली. फस्स. आवाज शनिवारचाच होता. बाबांनी सांगाड्यावरून, मानेपासून मागच्या चाकापर्यंत, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला, वाकून सांधे पाहिले. कुठं चीर नव्हती. दगडूनाना भोंगा सोडून हाफत आले होते आणि दोघांच्या मधे उभे राहिले, निकाल द्यायला आणि निरोप पोचवायला. दोघं भाऊ एकदमच मागच्या चाकाशी वाकले. स्प्रॉकेट रिकामं होतं.

"दादा," बाबा म्हणाले, "चेन गेली."

"मी कवाचा तेच पाहून राह्यलो," मोठेबाबा म्हणाले. "लॉक उलटं बसवलं असन."

"खालून बसवलं असन यानं."

"तं काय. वरून बसवाले अक्कल लागते."

आणि दोघांनी एकदम मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नानांचं तोंड उघडं होतं. त्यांना सांगायला काही उरलंच नव्हतं. मला रडू येत होतं, खरोखरचं, बक्षीस गेलं म्हणून, वीस पावलांसाठी गेलं म्हणून, आणि सगळ्या गावासमोर गेलं म्हणून. पण त्या दोघांना माझ्याकडे पाहायला फार वेळ नव्हता. हा पोरगा कसा धांदरट आहे, याला लहानपणी कोणी डोक्यावर चढवलं, बारावीत दोनदा नापास झाला तेव्हाच ओळखायला हवं होतं, यावर त्यांचं इतकं एकमत झालं होतं की वाक्य एक सुरू करायचा आणि दुसरा संपवायचा. अकरा वर्षांचं बोलणं साचलेलं होतं आणि ते सगळं माझ्यावर निघालं. मोठीमाय आणि माय पट्टीच्या कडेला एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या, आणि माझी निंदा ऐकून दोघींच्या डोळ्यांना धार लागली होती.

मग बाबांनी हँडल धरलं. मोठेबाबा मागून ढकलू लागले. हँडल मी धरतो, असं मोठेबाबा मधेच म्हणाले. नाही दादा, तुमची कंबर दुखते, बाबा म्हणाले. माझी कंबर दुखते हे तुला कोणी सांगितलं, मोठेबाबा म्हणाले. आणि कोणी सांगितलं ते बाबांनी सांगितलं नाही. असे भांडत ते गाडी घेऊन गावाच्या वाटेला लागले. बायका मागून गेल्या, चाचा पाने गोळा करून गेले. माझ्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. मी डोळे पुसले आणि त्यांच्या मागून पायी निघालो. आंब्याजवळच्या वळणावर गाडी थांबली. मोठेबाबांनी हात कमरेवर ठेवून मागं पाहिलं, मला पाहिलं, आणि माझे हात रिकामे पाहिले.

"काऊन बे, चेन कुठं हाय?" ते ओरडले. "जाय, उचलून आन. आपली हाय ते."

मी परत फिरलो आणि पट्टीच्या कडेच्या गवतात चेन शोधू लागलो.